पुढच्या अंकाची वाट पाहणारे

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडमध्ये १८४२ हे साल न्यायमूर्ती रानड्यांचे म्हणून ओळखले जाते. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. त्याच वर्षी जूनमध्ये अहमदनगरहून अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केले. रानडे १९०१ साली गेले. ‘ज्ञानोदय’ आजही निघते. एखादे नियतकालिक पावणेदोनशे वर्षांहून अधिक टिकते तेव्हा संपादक कितीतरी बदललेले असतात, छापखाने बदललेले असतात, भाषासुद्धा बदललेली असते. टिकून राहतो तो वाचकांचा क्रम, आणि मराठी लेखनाच्या इतिहासात या क्रमाबद्दल फार थोडे लिहिले गेले आहे.

एखाद्याचे लेखन हाती आले म्हणून वाचणे आणि त्याचा पुढचा मजकूर कधी येतो याकडे डोळे लावून वर्षानुवर्षे त्याच्या मागे राहणे, यांत मोठा फरक आहे. पहिल्यात वाचकाचे काही अडकलेले नसते. दुसऱ्यात त्याचा वेळ, पैसा आणि विश्वास असतो. लेखकाच्या बाजूने ठरल्या दिवशी हजर राहण्याचे बंधन असते. या नात्यातून वाचकाला काय मिळते, लेखकाला काय मिळते आणि दोघांना त्याची काय किंमत मोजावी लागते, हे पाहायला नाशिक जिल्ह्यासारखी जागा नाही. मराठीतले यातले कितीतरी धागे इथून जातात.

रानड्यांना हा प्रश्न फार लवकर दिसला होता. ७ फेब्रुवारी १८७८ च्या ‘ज्ञानप्रकाशा’त त्यांनी आणि लोकहितवादींनी मराठी ग्रंथकारांना एकत्र येण्याचे आवाहन केले आणि ११ मे रोजी पुण्याच्या हिराबागेत ग्रंथकारांची पहिली सभा भरली. ग्रंथप्रसाराला चालना मिळावी, हा तिचा हेतू. आजच्या साहित्य संमेलनाचे मूळ या सभेत आहे. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला भरलेले ९४वे संमेलन तिच्याच वंशातले. संमेलन म्हटले की आपल्याला अध्यक्षीय भाषण, कविकट्टा आणि वाद आठवतात. मुळात ती सभा पुस्तक वाचकापर्यंत कसे पोचवायचे, या व्यवहारी काळजीतून भरली होती.

त्याच वर्षी पुणे सार्वजनिक सभेचे त्रैमासिक सुरू झाले. त्यातला बराचसा मजकूर रानडेच लिहीत आणि तोही निनावी. त्याच वर्षी त्यांची बदली नाशिकला झाली, तिथून पुढे धुळ्याला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे दिवस होते. धुळ्यात रानड्यांच्या टपालावर सरकारची नजर होती, ही हकीगत त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. कोण कोणाचे वाचतो आणि कोण कोणाला लिहितो यातून माणसांच्या फळ्या तयार होतात, हे टपाल उघडून पाहणाऱ्या सरकारला पक्के ठाऊक होते. लेखकाचे वजन त्याच्या वाचकांवरून मोजायची सवय सत्तेला तेव्हापासूनची आहे.

मराठी वृत्तपत्राची सुरुवात ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पणा’ने झाली. पण एकाच लेखकाचा आवाज आठवड्यामागून आठवडे ऐकायची सवय मराठी वाचकाला लागली ती ‘प्रभाकर’मुळे. भाऊ महाजनांच्या या साप्ताहिकात १८४८ पासून गोपाळ हरी देशमुख ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहू लागले. ती शतपत्रे म्हणून प्रसिद्ध आहेत. प्रत्यक्षात संख्या १०८. एकेक पत्र आटोपशीर, विषय रोजचे: विद्या, आळस, विधवांचे हाल, भटजींचे अज्ञान, इंग्रजांचे गुणदोष. लेखक सरकारी नोकरीत असल्याने खरे नाव झाकलेले. वाचकाला लेखकाचा चेहरा माहीत नाही, गाव माहीत नाही, पण पुढच्या पत्रात तो कोणावर कोरडे ओढणार याची उत्सुकता मात्र आहे, अशी ही मराठीतली पहिली मोठी ओळख.

या सगळ्यात लेखक आणि त्याच्या मागे येणारा वाचक यांचे नाते सर्वांत निखळ रूपात दिसते ते ‘निबंधमाले’त. २५ जानेवारी १८७४ रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी हे मासिक काढले तेव्हा ते २३ वर्षांचे होते आणि सरकारी शाळेत शिक्षक होते. सात-आठ वर्षांत मालेचे ८४ अंक निघाले आणि त्यांतला सगळा मजकूर एकट्या शास्त्रीबुवांच्या हातचा. दुसरा लेखक नाही, बातम्या नाहीत, जाहिरातींचा आधार नाही. वर्गणी भरणारा माणूस एका माणसाच्या डोक्यात पुढच्या महिन्यात काय चालणार आहे, त्यासाठी पैसे देत होता. आणि ते डोके कुठे कुठे जात होते! कधी मोरोपंतांच्या कवितेवर अंकामागून अंक, कधी लोकभ्रमांवर, कधी डॉक्टर जॉन्सनच्या चरित्रावर. एका अंकात सोडलेला मुद्दा पुढच्या अंकात उचलायचा आणि मागचे वाचलेले आहे असे धरून पुढे जायचे, ही लकब मराठी गद्याला मालेने शिकवली. मागचा अंक जपून ठेवणारा वाचक समोर असल्याशिवाय असे लिहिताच येत नाही.

मालेचा परिणाम पानांपुरता राहिला नाही. चिपळूणकरांची बदली रत्नागिरीला झाली, १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली, १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’. महिन्याच्या महिन्याला तयार झालेला वाचक आता शाळेत मुले धाडणारा आणि वृत्तपत्र घेणारा झाला. मालेतला ‘आमच्या देशाची स्थिती’ हा शेवटचा निबंध इतका झोंबला, की लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन दशकांनी, १९१० साली, सरकारने तो जप्त केला. ती बंदी उठायला १९३७ साल उजाडले.

पण मालेच्या वाचकवर्गाची दुसरी बाजूही सांगायला हवी. चिपळूणकरांनी लोकहितवादींची आणि जोतीराव फुल्यांची जी टवाळी केली ती आज वाचवत नाही. वर्गणीदार बहुतेक उच्चवर्णीय, शिकलेले, शहरी. ती टवाळी त्यांना आवडत होती आणि लेखकाला ते कळत होते. मागे येणारा वाचक लेखकाला बळ देतो, तसा तो त्याच्या अन्यायालाही बळ देऊ शकतो. मराठीतल्या पहिल्याच मोठ्या उदाहरणात ही खोट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

वर्गणीदार व्हायला अक्षरओळख लागते आणि हातात चार पैसे लागतात. फुल्यांचा वाचक या दोन्हींना मुकलेला होता. १८७७ च्या आरंभी कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ काढला, फुल्यांनी स्वतः १८८५ साली ‘सत्सार’चे दोन अंक काढले. पण या लेखनाचा खरा वाचक बहुधा ऐकणारा असायचा. गावात एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ओट्यावर बसून ऐकायचे. वर्गणीदारांच्या यादीत अशा माणसांची नावे सापडत नाहीत. म्हणून यादीवरून लेखकाची माणसे मोजणाऱ्या अभ्यासकाने जपून राहावे.

बाबासाहेब आंबेडकरांना हीच अडचण नव्याने भोगावी लागली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले. ‘केसरी’ने मात्र पैसे देऊ केले असूनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारता’त तर बाबासाहेब अंकच्या अंक एकहाती लिहीत होते. वकिली, प्राध्यापकी, महाडचा लढा आणि शिवाय हे रकाने. वर्गणी थकायची, पैसा पुरायचा नाही. शेवटी त्यांनी वाचकांनाच विचारले, की या पत्राचे तुमच्यावर काही ऋण आहे की नाही. त्या लेखात भीक मागण्याचा सूर नाही. हिशेब मांडणाऱ्या माणसाची स्पष्टता आहे. लेखकाने आपल्या वाचकाला असे बरोबरीच्या नात्याने जाब विचारल्याची उदाहरणे मराठीत कमी आहेत.

‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये बंद पडला. कागदावरचा हिशेब तोट्याचा राहिला. पण २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हजारोंनी माणसे आली, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी निफाडच्या शेजारच्या येवल्यात धर्मांतराची घोषणा ऐकायला पुन्हा तशीच गर्दी लोटली. त्यांतल्या किती जणांनी अंक विकत घेऊन वाचला असेल, हा प्रश्न गौण. अंकातले शब्द त्यांच्यापर्यंत पोचले होते.

वाचक विरोधात असतानाही लेखकाने लिहीत राहावे काय? गोपाळ गणेश आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ काढला, तो याच प्रश्नाला दिलेला जबाब होता. ‘केसरी’चा तयार वाचक सोडून, बालविवाह आणि केशवपन यांवर समाजाला न रुचणारे लिहायचे त्यांनी ठरवले. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. तरी १८९५ मध्ये, अवघ्या ३८-३९व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत ‘सुधारका’चा सूर त्यांनी बदलला नाही. वाचकसंख्येच्या मापाने आगरकर टिळकांच्या जवळपासही येत नाहीत. पण थोड्या आणि पक्क्या वाचकांच्या आधारावर एखादा विचार एका शतकातून दुसऱ्या शतकात कसा जातो, हे ‘सुधारक’ने दाखवले.

कथा-कादंबरीत या नात्याची गोडी वेगळी. हरि नारायण आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ पासून ‘पुणे वैभव’मध्ये आली आणि १८९० साली त्यांनी स्वतःचे ‘करमणूक’ साप्ताहिक काढल्यावर ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यात क्रमशः छापली जाऊ लागली. यमूचे बालपण, लग्न, शंकर मामंजींचा जाच, रघुनाथरावांचा मृत्यू, मग तिचे केशवपन. आज हे पुस्तक तीन-चार दिवसांत वाचून होते. त्या काळच्या वाचकाने यमूबरोबर वर्षे काढली. एका आठवड्याचे दुःख उराशी धरून पुढच्या अंकापर्यंत थांबायचे, आणि मधल्या दिवसांत आपल्याच घरातली एखादी लाल आलवणातली आत्या समोर वावरताना पाहायची. विधवांच्या प्रश्नावर भाषणांनी जे झाले नाही ते या थांबण्याने झाले असेल, असे मानायला जागा आहे. याची किंमत लेखकाने चुकवली. दर आठवड्याला पाने भरायची, एकाच वेळी एकाहून अधिक कथानके चालवायची, यात आपट्यांच्या काही सामाजिक कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या.

पुढच्या पिढीत किर्लोस्करवाडीने हा वाचक घराघरांत नेला. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून निघालेले कारखान्याचे पत्रक पाहता पाहता महाराष्ट्राचे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. ‘स्त्री’चा अंक नवऱ्याच्या नावावर यायचा आणि बायको वाचायची, असा तो काळ. पुढे विद्या बाळ ‘स्त्री’च्या संपादक झाल्या आणि ते काम सुटल्यावर १९८९ साली त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. तिथे वाचकाची जागा पत्रांच्या सदरापुरती राहिली नाही. गावोगावच्या बायका अंक वाचून जमू लागल्या, आपले अनुभव लिहून पाठवू लागल्या, आणि कालची वर्गणीदार उद्याच्या अंकाची लेखिका झाली. औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’मध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून हेच दलित लेखकांसाठी केले. या एका त्रैमासिकाने किती कवी-कथाकार उभे केले याची मोजदाद करायला बसले तर दलित साहित्याचा निम्मा इतिहास तिथेच सापडेल.

वाचक लेखकाच्या मागे किती दूर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण निफाड तालुक्याशी जोडलेले आहे. कुसुमाग्रजांचे बालपण पिंपळगाव बसवंतला गेले. १९४० पर्यंत त्यांच्या बहुतेक कविता मासिकांतून विखुरलेल्या होत्या. त्या नेमाने वाचणाऱ्यांत वि. स. खांडेकर होते. त्यांनी कविता जमवल्या, पदरचे पैसे घातले, प्रस्तावना लिहिली आणि १९४२ साली ‘विशाखा’ हा संग्रह प्रसिद्ध केला. खांडेकर तेव्हा स्वतः नावाजलेले कादंबरीकार होते, तरी या व्यवहारात त्यांची भूमिका वाचकाचीच. मराठी कवितेतल्या सर्वांत लाडक्या संग्रहांपैकी एक अशा वाचकामुळे हाती आला.

साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ काढले आणि त्यात पुतणी सुधाला लिहिलेली पत्रे छापू लागले. पत्र एकीला, वाचक हजारो. प्रत्येकाला वाटायचे की गुरुजी आपल्याशीच बोलताहेत. १९५० च्या जूनमध्ये गुरुजी गेले, पण साप्ताहिक थांबले नाही. संस्थापक गेल्यावर दोन वर्षांचे नियतकालिक टिकते, यात संपादकांची चिकाटी तर आहेच, पण वर्गणी चालू ठेवणाऱ्यांचीही आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी ‘साधना’चे तेव्हाचे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. अंक त्यानंतरही निघत राहिले.

आणि मग जी. ए. कुलकर्णी. धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक, सभा-संमेलनांपासून दूर, भेटायला येणाऱ्यांना टाळणारे, काळ्या चष्म्याआडचे जी.ए. वाचकांना पत्रे मात्र भरभरून लिहीत. ज्या वाचकाने आपली कथा नीट वाचली आहे असे वाटेल त्याला चित्रकलेपासून मरणापर्यंत सगळे लिहायचे. सुनीताबाई देशपांडे यांच्याशी वर्षानुवर्षे चाललेला त्यांचा पत्रव्यवहार नंतर पुस्तकरूपाने आला आणि जी.एं.च्या निवडक पत्रांचे खंड निघाले. ते वाचताना ध्यानात येते, की लेखकाच्या मागे राहणाऱ्याला लेखकाच्या घरात प्रवेश हवाच असतो असे नाही. जी.एं.चे खरे वाचक दारावर थाप न मारता थांबले, आणि म्हणून त्यांना दार न उघडताही पुष्कळ मिळाले. आज लेखकाच्या खासगी आयुष्यात डोकावणे हाच वाचकाचा हक्क समजला जातो, त्या वेळी हे ठामपणे सांगायला हवे.

राग हाही जवळिकीचाच भाग. १९६९ मध्ये अनियतकालिके काढणाऱ्या तरुणांनी मुंबईत ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. जो अंक महिन्याच्या महिन्याला अधाशासारखा वाचला जातो तोच जाळावासा वाटतो. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाले ते मात्र कोणी जाळल्यामुळे नव्हे. ज्यांनी घरात बांधीव फाइली ठेवल्या आहेत ते आजही हळहळतात. ती हळहळ थोडी आधी, वर्गणीच्या रूपाने व्यक्त झाली असती तर बरे झाले असते. ‘ललित’मध्ये ठणठणपाळ या नावाने जयवंत दळवींनी लेखकांच्या फिरक्या घेतल्या, त्या ज्यांच्यावर असत तेच अंक आला की आधी ते पान उघडत. वर्तमानपत्रांना पत्रे लिहिणाऱ्यांनी तर मुंबईत आपला स्वतंत्र संघच काढला. वाचक मुका असतो, ही समजूत मराठीपुरती तरी खोटी आहे.

हे सारे साहित्याचे झाले. निफाड तालुक्यात मात्र लेखन नेमाने वाचण्याची सर्वांत कडक परीक्षा साहित्यात होत नाही, द्राक्षबागेत होते. १९२५ च्या सुमारास ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाडांनी या भागात द्राक्षे लावली, तेव्हापासून इथला शेतकरी वाचून आणि विचारून शेती करतो. पिकाचे वेळापत्रकच तसे आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्यापुढचे शंभर-सव्वाशे दिवस रोज एक निर्णय. पोंगा अवस्थेत पाऊस आला तर डाऊनी रोगासाठी काय मारायचे, फुलोऱ्यात ढगाळ हवा राहिली तर काय, मण्यात पाणी उतरताना थंडी पडली तर काय. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, ही बातमी मुंबईकराला हिवाळ्याची गंमत वाटते. निफाडच्या बागाइतदाराला ती मणी तडकण्याची सूचना असते. मग पहाटे ठिबक सुरू करायचे आणि बागेत शेकोट्या पेटवायच्या.

अशा शेतकऱ्याचे वाचन पाहण्यासारखे असते. बागाइतदार संघाचे ‘द्राक्षवृत्त’, २००५ पासून रोज निघणारा ‘अॅग्रोवन’, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारलेला आठवड्याचा सल्ला. कात्रण डायरीत चिकटवलेले, फवारणीच्या तारखा कडेला पेनने लिहिलेल्या, ज्या सल्ल्याने फायदा झाला त्यापुढे खूण, ज्याने फटका बसला त्यावर फुली. हंगाम संपला की कोणाचे ऐकायचे आणि कोणाचे नाही, याचा निवाडा त्या डायरीत आपोआप झालेला असतो. साहित्याच्या समीक्षकाला असा रोकडा पुरावा मिळत नाही.

२०१० साली या विश्वासाची किंमत सगळ्यांना कळली. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात ते हे वाढनियंत्रक. खरड छाटणीनंतर वेलीचा जोर आवरून घडनिर्मिती व्हावी म्हणून वर्षानुवर्षे वापरात असलेले. सगळे वापरत होते, म्हणून वापरत होते. निर्यातदार आणि शेतकरी दोघेही नुकसानीत गेले. त्यानंतर औषधाच्या नावाबरोबर ते काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचे, त्याचा अंश किती चालतो, हे वाचल्याशिवाय फवारणी न करणारा शेतकरी वाढला. सल्ला देणाऱ्यालाही लिहिण्याआधी दहादा विचार करावा लागू लागला. वाचकाचे वर्षाचे उत्पन्न आपल्या एका ओळीवर उभे आहे, ही जाणीव सगळ्याच लेखकांना असती तर पुष्कळ पाने कोरी राहिली असती.

याच तालुक्यात १९८० च्या नोव्हेंबरात खेरवाडीला शेतकरी रुळांवर बसले, गोळीबार झाला, दोन शेतकरी मेले. कांदा आणि उसाच्या भावाचे हे आंदोलन शरद जोशींच्या मांडणीवर उभे होते. त्यांनी आदल्याच वर्षी चाकणहून ‘वारकरी’ हे साप्ताहिक काढले होते. पुढे ‘शेतकरी संघटक’ निघाले. उत्पादन खर्चाचा हिशेब ही तशी रुक्ष गोष्ट. ती अंकांतून, भाषणांतून पुन्हा पुन्हा मांडली गेल्याने लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला माणूस आज कांद्याच्या भावावर बोलू लागला की तोच हिशेब त्याच वाक्यांत मांडतो, आणि त्याला बहुधा आठवतही नाही की तो प्रथम कोणी लिहिला. लेखकाला यापेक्षा मोठी पावती नाही.

आजचे चित्र सांगायचे तर अंक पोचवणे जड झाले आहे. नोंदणी झालेल्या नियतकालिकाला टपालात सवलतीचा दर मिळतो, त्यासाठी ठरल्या तारखेलाच गठ्ठा टाकावा लागतो. वेष्टनावर परवाना क्रमांक, कोपऱ्यात पत्त्याची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर वर्गणी कोणत्या महिन्यात संपते ते. गहाळ अंकाची तक्रार आली की कार्यालयातले दोन-तीन लोक शिल्लक प्रत शोधून पुन्हा पाठवतात. या कामाचे पैसे कोणी वेगळे देत नाही. लेखकांची तक्रार अशी, की वाचले जाते पण कळवले जात नाही. संपादकांची तक्रार अशी, की कौतुक होते पण वर्गणी येत नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. फुकट वाचायची सवय लागलेला वाचक लेखकाला संख्या देतो, आधार देत नाही, आणि संख्येच्या मागे लागलेला लेखक हळूहळू टाळ्यांचे तेवढे लिहू लागतो.

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची, म्हणजे रानड्यांच्या जन्माच्याही आधीची. जिल्ह्यातल्या गावोगावच्या वाचनालयांत आजही टेबलावर मासिके पडलेली असतात. त्यांतली कोणती चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची, हे दरवर्षी कार्यकारिणीच्या बैठकीत ठरते. ज्यांना एखाद्या लेखकाचे वा मासिकाचे काही देणे लागते असे वाटते, त्यांनी त्या बैठकीआधी ग्रंथपालाला जाऊन सांगावे. घरी अंक येत असेल तर पत्त्याच्या चिठ्ठीवरचा महिना पाहावा आणि वर्गणी पाठवताना गेल्या वर्षातला कोणता लेख पटला, कोणता पटला नाही, हे पोस्टकार्डभर तरी लिहावे. न पटल्याचे आधी लिहावे. संपादक ते लेखकापर्यंत पोचवतात.